नवे शहर वसवू पाहणाऱ्या मुलीसाठी

पत्र : माझी मुलगी अकरावी विज्ञान शाखेत आहे. दोन वर्षांपासून ती वहीत एका काल्पनिक शहराचे नकाशे काढते. तिला संपूर्ण नवे शहर वसवायचे आहे. सिव्हिलला घालावे की आर्किटेक्चरला? यात नोकरी मिळते का? सोबत तिचा एक नकाशा जोडला आहे. – एक पालक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या मुलीला जे करायचे आहे त्याला नगररचना म्हणतात आणि त्यासाठी बी.प्लॅन. ही चार वर्षांची स्वतंत्र पदवी आहे. दिल्ली, भोपाळ व विजयवाडा येथील स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये या पदवीचा प्रवेश जेईई मेनच्या पेपर 2बी मधून होतो, त्यामुळे बारावीला गणित सोडू देऊ नका. सिव्हिल किंवा आर्किटेक्चरनंतर एम.प्लॅन. ही नगररचनेची पदव्युत्तर पदवी करण्याचा मार्गही खुला राहतो. राज्याचा नगररचना विभाग, महापालिका, विकास प्राधिकरणे आणि खासगी सल्लागार संस्था यांना नगररचनाकार लागतात.

आता नकाशाविषयी. तो मी बराच वेळ पाहिला. रस्ते मोजून आखलेले आहेत, शाळा घरांपासून चालत जाता येईल इतक्या जवळ आहेत. ही जाण उपजत आहे. मात्र तिची नदी बाराही महिने एकाच रुंदीची आहे आणि तिच्या काठाला लागूनच घरांच्या रांगा आहेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट आहे, आणि ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेले होते, हे आपल्या घरी कोणाला सांगावे लागणार नाही. नदी पावसाळ्यात जेवढी जागा मागते तेवढी तिला आधी सोडायची आणि उरलेल्या जमिनीवर शहर मांडायचे, असा या विषयाचा क्रम आहे. आपल्याकडे तो कितीदा उलटा झाला, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरी गोष्ट, तिच्या नकाशात आधीपासून राहणारे कोणीच नाही. नवी मुंबई वसवण्यासाठी 1970 मध्ये सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले, तेव्हा त्या जागेवर 95 गावे नांदत होती. कोरा कागद फक्त वहीत मिळतो.

माझी विनंती आहे की एका रविवारी तिला रेल्वेने जयसिंगपूरला न्यावे. राजर्षी शाहू महाराजांनी वडिलांच्या नावाने वसवलेल्या या गावात एकमेकांना काटकोनात छेदणारे सरळ रस्ते आजही पायी फिरून पाहता येतात. तिने सोबत टेप घ्यावी, एका गल्लीची रुंदी मोजावी, दुपारी सावली कुठे पडते, गटाराचा उतार कोणत्या बाजूला आहे, दुकानदार ओट्यापुढे किती सरकले आहेत, हे टिपून घ्यावे आणि जुन्या रहिवाशांना पावसाळ्याविषयी विचारावे.

परतल्यावर तोच नकाशा तिने पुन्हा काढावा : नदी दोन रुंदींची, एक उन्हाळ्याची व एक पुराची, आणि मधल्या पट्ट्यात काय असावे हे तिचे तिने ठरवावे. तो नकाशा मला अवश्य पाठवा.