कारखान्यात ख्रिस्ती म्हणून कसं राहायचं? खंडेनवमी, प्रसाद, साक्ष वगैरे

प्रश्न असा होता: मी मराठी ख्रिस्ती, बेळगावात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) ट्रेनी म्हणून नुकताच लागलोय. कामाच्या जागी विश्वास कसा जगायचा? दसऱ्याला मशीनची पूजा असते तिथं थांबायचं का, प्रसाद घ्यायचा का? आणि साक्ष द्यायची, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल लोकांना सांगायचं, की गप्प बसायचं?

ट्रेनी आहेस म्हणजे वयानं लहानच असणार म्हणून तू म्हणतो, राग मानू नको. मी उद्यमबाग आणि मच्छे मिळून एकोणीस वर्षं काढलीत, आधी फेटलिंगला (ओतलेले पीस घासून साफ करतात तिथं) हेल्पर, मग इन्स्पेक्शनला, आता क्वालिटी बघतो. घर कॅम्पात, उपासना मराठीत. पास्टर-बिस्टर नाही मी, त्यामुळं एका कामगाराचं मत म्हणून वाच.

आधी पूजेचं उरकून टाकतो, कारण तुला तेच मोठं वाटतंय आणि पहिल्या वर्षी मलापण तेच वाटलेलं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सगळी मशिनं पुसायची असतात, लेथखालच्या वर्षभराच्या चिप्स निघतात, दुसऱ्या दिवशी झेंडूच्या माळा, फर्नेसच्या पॅनलला सुद्धा हळदकुंकू, गेटवर कोहळा फोडायचा, मग चिरमुरे, फुटाणे, पेढा. मी काय करतो? पुसायचं काम सगळ्यांच्या आधी येऊन करतो, पूजेच्या वेळी हात बांधून मागं उभा राहतो, आरती घेत नाही, आणि चिरमुरे खातो. माझी बायको खात नाही. आमच्यात यावरून भांडण नाही, तिचा वाटा पण मीच खातो.

चर्चमधे कोणी तुला म्हणेल की तिथं उभंसुद्धा राहू नये. त्यांचं त्यांच्यापाशी, पण बायबलातल्या २ राजे या पुस्तकाचा ५ वा अध्याय एकदा शेवटपर्यंत वाच, आपण संडे स्कूलमधे सेनापती नामानाचं कोड बरं झालं इथंच थांबतो. पुढं तो अलीशा संदेष्ट्याला म्हणतो की आता मी दुसऱ्या देवाला मानणार नाही, पण माझा राजा रिम्मोनच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढं माफ व्हावं. नोकरीचाच प्रश्न आहे की तो! आणि अलीशा त्याला लेक्चर देत नाही, शांतीनं जा म्हणतो, बस. प्रसादाचं पौलानं १ करिंथ ८ मधे लिहिलंय, मूर्ती म्हणजे काही नाही हे आपल्याला ठाऊक आहे पण तुझ्या खाण्यानं दुसऱ्या विश्वासणाऱ्याच्या मनाला ठेच लागत असेल तर खाऊ नको, आणि १० व्या अध्यायात तोच म्हणतो की प्रभूच्या आणि भुतांच्या अशा दोन्ही मेजांवर बसता येत नाही, म्हणून आमच्या मंडळीत पण दोन्ही मतं आहेत. तुझं मन काय म्हणतं ते बघ आणि जे करशील ते तोंड वाकडं न करता कर. पेढा नको असेल तर नको म्हण, घेऊन कचऱ्यात टाकू नको. टाकलेला पेढा सापडला की मग वर्षभर कोणी बोलत नाही, एकाचं झालेलं बघितलंय मी.

आता खरं सांगायचं ते.

माझी परीक्षा खंडेनवमीला कधी झालीच नाही, ती झाली महिनाअखेरीला. तुला अजून कळलं नसेल पण फौंड्रीत २८ तारखेपासून सगळ्यांची डोकी फिरतात, डिस्पॅचचं टार्गेट असतं, गेटवर ट्रक उभा असतो, ड्रायव्हर बिडी ओढत शिव्या देत असतो. २००९ ची गोष्ट, मी इन्स्पेक्शनला येऊन वर्ष झालं होतं. पंपाच्या हाऊसिंगचा लॉट होता, त्यातल्या चार पीसला फ्लँजच्या जवळ ब्लोहोल, म्हणजे ओतताना हवेनं पडलेलं भोक, चिंचोक्याएवढं. रिजेक्ट करायला पाहिजे होतं. पण एक पोरगा बसून त्यात मेटल पुट्टी भरत होता, वरनं पॉलिश पेपर, मग प्रायमर मारला की आईला सुद्धा कळणार नाही. सुपरवायझर गोकाककडचे, माणूस वाईट नव्हे, रोज डब्यातली भाकरी द्यायचे मला. ते म्हणाले "इरली बिडरी (असू दे हो), चारच पीस हायेत, टीसीवर सही मारा." टीसी म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट, मालाबरोबर जातं. त्यावर हार्डनेसचे, म्हणजे धातू किती कडक आहे त्याचे, आकडे लिहायचे होते आणि हार्डनेसचं मशीन तर दोन दिवस बंद होतं, म्हणजे आकडे पण मीच मनानं लिहायचे.

मी लिहिले. १८७, १९२, १८७. अजून पाठ आहेत.

त्या दिवशी माझ्या खिशात छोटा नवा करार होता, कपाटाच्या दाराला आतनं वचनाचा स्टिकर होता, आणि सगळी फौंड्री मला "फादर" म्हणून हाक मारायची, लग्न झालेला माणूस मी! पुढच्या रविवारी चर्चमधे अर्पणाची पिशवी फिरवायला मीच होतो. पिशवी हातात आणि डोक्यात १८७, १९२.

सोमवारी मॅनेजरना जाऊन सांगितलं की ते चार पीस परत मागवा, आकडे मी बघून लिहिलेले नाहीत. ते हसले, मग चिडले, मग म्हणाले कोणाला बोलू नको. पीस परत आले नाहीत. माझी त्या वर्षीची इन्क्रिमेंट गेली आणि सहा महिने स्टोअरला बसवलं, गंज लागलेले नटबोल्ट मोजत. साक्षीच्या सभेत सांगतात तसा याला गोड शेवट नाही, मॅनेजर बदलले नाहीत, मला प्रमोशन मिळालं नाही, दोन वर्षांनी मीच दुसरीकडं गेलो. ते पंप कुठं बसले असतील, फुटले की चालले, ते आजपर्यंत कळलं नाही. बायबलातल्या जक्कय जकातदाराला चौपट परत करता आलं कारण त्याला ठाऊक होतं कोणाचं घेतलंय. मला तेवढं पण नाही.

म्हणून तुला म्हणतो, पेढ्याची काळजी कमी कर. तुला पुढं रजिस्टर मिळेल, मीटर मिळेल, शिक्का मिळेल, तिथं बघ.

आणि हे करायचं कसं तेपण सांगतो, कारण नुसतं "नाही करणार" म्हणून छाती पुढं काढून उभं राहिलं की ट्रेनीला दुसऱ्या दिवशी गेटपास. बायबलातल्या दानीएलानं राजाचं अन्न नको म्हटलं तेव्हा ताट फेकलं नाही, अधिकाऱ्याला म्हणाला दहा दिवस आम्हाला भाजी आणि पाणी देऊन बघा, मग ठरवा. त्या अधिकाऱ्याची मान पण सुटली पाहिजे हे त्याला कळत होतं. आमच्या धंद्यात ती दहा दिवसांची वाट म्हणजे डेव्हिएशन. पीस थोडा मापाबाहेर असेल तर कस्टमरला मेल टाकायचा की एवढं एवढं जास्त आहे, चालेल का. वेल्डिंग करून वाचत असेल तर तसं विचारायचं. निम्म्या वेळा ते हो म्हणतात, माझा अनुभव आहे. आता मी सुपरवायझरला म्हणतो "साहेब, मीटरवर दिसतंय तेच लिहिणार, पण डेव्हिएशनचा मेल मी आत्ता टाईप करून देतो, तुम्ही फक्त पाठवा." दहातल्या सात वेळा ते पाठवतात, उरलेल्या तीन वेळा शिव्या खातो.

आणखी एक, कोणी तुला पौलाच्या कलस्सैकरांस पत्राचा तिसरा अध्याय ऐकवेल, जे काम कराल ते प्रभूसाठी म्हणून करा. बरोबरच आहे, मलापण आवडतं. पण मालक लोकांच्या तोंडी ते वचन लई गोड लागतं आणि ते तिथंच थांबतात, दोनच वचनं सोडून, म्हणजे चौथ्या अध्यायाच्या पहिल्या वचनात, धन्यांना सांगितलंय की नोकरांना न्यायानं आणि समतेनं द्या, तुम्हालापण स्वर्गात धनी आहे. याकोबानं तर दाबून ठेवलेली मजुरी ओरडते म्हणून लिहिलंय. त्यामुळं कॉन्ट्रॅक्टरच्या पोरांचा पगार अडकला असेल, ओडिशा-बिहारची पोरं फेटलिंगला तोंडाला नुसता रुमाल बांधून ग्राइंडर मारत असतील तर त्याबद्दल बोलणं पण विश्वासातच येतं. ती रेतीची धूळ छातीत बसली की निघत नाही, सिलिकोसिसला औषध नाही. एका पोराला मी स्टोअरमधनं मास्क काढून दिला तर तो म्हणाला "चाचा, इसमें साँस नहीं आती", मग दोघं मिळून त्याची पट्टी ढिली करत बसलो. एवढीच माझी सेवा त्या महिन्यात, पण अर्पणाच्या पिशवीपेक्षा बरी झाली असं वाटतं.

भाषेचं पण तसंच आहे. १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटक राज्योत्सव, जवळ आला की आपल्याकडं शॉप फ्लोअरवर मराठी-कन्नड सुरू होतं, एरवी एकाच डब्यातनं खाणारी माणसं तोंड फिरवतात. मी मराठी आहे आणि मराठीच राहणार, पण हुक्केरीच्या कन्नड माणसाला मुद्दाम मराठीत नोटीस वाचून दाखवणं हे माझ्याच्यानं होत नाही. कन्नड शीक, मोडकंतोडकं चालेल.

रविवारचं सोपं आहे, अदलाबदल. मी दिवाळीला, गणपतीला, बकरीदला ड्युटी घेतो, त्यांच्यातले लोक मला नाताळ, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि जमेल तेवढे रविवार सोडतात. मी लागलो तेव्हा १९४८ चा फॅक्टरी अॅक्ट होता, त्याच्या ५२ व्या कलमात असं की रविवारी कामाला लावलं तर आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत एक पूर्ण सुट्टी द्यायची, आणि काही वेळा मी ते दाखवलंयपण. पण खरं सांगू, कलम दाखवून जेवढे रविवार मिळाले त्यापेक्षा जास्त रविवार दिवाळीच्या नाईट शिफ्टनं मिळवून दिले. नाताळच्या दुसऱ्या दिवशी डबाभर करंज्या आणि कुंदा नेतो, ते आता एवढं रूढ झालंय की १५ डिसेंबरपासूनच पोरं विचारायला लागतात.

आता साक्ष. जेवणाच्या सुट्टीत पत्रकं वाटू नको. एक तर इथली हवा तुला ठाऊक आहे, धर्मांतराविरुद्धचं बिल २०२१ च्या डिसेंबरात कर्नाटक विधानसभेत मंजूर झालं ते आपल्याच बेळगावच्या सुवर्णसौधमधे (इथल्या विधानभवनात), त्यानंतर साधं प्रार्थना करतो म्हटलं तरी लोक दचकायचे. पण कायद्याचं सोड, तो मला दुसरा मुद्दा वाटतो. उद्या तू इन्स्पेक्टर झालास आणि तुझ्या हाताखालच्या हेल्परला चर्चला ये म्हणालास तर तो बिचारा नाही कसं म्हणेल? म्हणून हाताखालच्या माणसाला मी स्वतः होऊन काही बोलत नाही. विचारलं तर सांगतो, १ पेत्र ३:१५ मधे पण विचारणाऱ्याला उत्तर द्या असंच आहे आणि तेपण सौम्यतेनं. विचारतात, काळजी करू नको. कोणी म्हणतं तुम्ही कधी बाटलात, त्यावर मी चिडायचो, आता सांगतो की बाबा, बेळगावात मिशनवाले १८२० ला आलेत, तुमच्या या फौंड्रीच्या आधीपासून आहोत आम्ही. मोल्डिंगच्या एका मामांनी एकदा एकटं गाठून सांगितलं, आईचं ऑपरेशन आहे, तुमच्या देवाला सांगा. मी तिथं डोळे मिटून हात वर केले नाहीत, नाव विचारून घेतलं आणि घरी जाऊन मी आणि बायकोनं ते रोज प्रार्थनेत घेतलं. म्हातारी बरी झाली, मामा आजही पंढरीच्या वारीला जातात आणि येताना मला चुरमुऱ्याची पुडी आणतात.

तू कुठल्या डिपार्टमेंटला आहेस ते लिहिलं नाहीस. फेटलिंगला असशील तर आज पहिल्यांदा मास्क माग, आणि इन्स्पेक्शनला असशील तर हार्डनेस टेस्टर चालू आहे का ते बघून घे.