भाजलेल्या जागी दुखत नाही, म्हणून निर्धास्त राहू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की मगाशी वडे तळताना सासूबाईंच्या मनगटावर तेल सांडलं, कडेने लाल झालंय आणि आग होतेय, पण मधला भाग पांढरट आहे, तिथे फोड नाही आणि दुखतही नाही, म्हणजे फर्स्ट डिग्रीच, वरवरचंच ना? नाही हो, उलट आहे. आधी शेवटचे दोन परिच्छेद वाचून तेवढं करा, मग लगेच दाखवून या, बाकीचं रिक्षात वाचा.

मी बारा वर्षं जळीत वॉर्डात नर्स होते, "दुखत नव्हतं म्हणून थांबलो" हे वाक्य किती वेळा ऐकलंय. खरंतर वरवरचं भाजलेलंच जास्त झोंबतं. नुसती कातडी लाल, फोड नाही, ते आठवड्याभरात जातं, डागही राहत नाही. त्याच्या खाली गेलं की फोड येतात, आत ओलं गुलाबी दिसतं, वारा लागला तरी माणूस कळवळतो, पण बोटाने दाबलं की पांढरं होऊन लगेच परत लाल होतं म्हणजे रक्त खेळतंय, हे बहुतेक दोन-तीन आठवड्यांत भरतं. अजून खोल असेल तर लाल-पांढरे चट्टे, दाबल्यावर रंग उशिरा परत येतो, दुखणं कमी, भरायला 3 आठवड्यांच्या वर आणि सांध्यावर असेल तर कातडी आखडते. आणि थर्ड डिग्री म्हणजे मेणासारखं पांढरं नाहीतर चामड्यासारखं तपकिरी-काळं, टोचलं तरी कळत नाही कारण तिथल्या नसांची टोकंच जळालेली असतात. एकाच जखमेत हे सगळे प्रकार असू शकतात, तुमच्याकडे तसंच दिसतंय. त्यात तेल पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेलं असतं, चिकटून राहतं, आणि वयस्कर माणसाची कातडी पातळ.

किती खोल भाजलंय हे डॉक्टर पहिल्या दिवशी खात्रीने सांगणार नाहीत, दोन-तीन दिवसांनी परत बोलावतील, तेव्हा नक्की जा, कारण कडेचा भाग त्या काळात अजून खोल जाऊ शकतो.

किती भागावर भाजलंय हे विचारतील तर पेशंटचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे अंगाचा साधारण 1 टक्का असं मोजा, नुसता लाल भाग त्यात धरायचा नाही. पण टक्के कमी म्हणून किरकोळ असं नसतं, चेहरा, हात, पाय, सांधे, जांघ इथलं थोडंसं असलं तरी दाखवायचंच, आणि करंट किंवा ॲसिडचं असेल तर विचारही करत बसायचं नाही.

निघायच्या आधी नळाखाली 20 मिनिटं हात धरा, पहिल्या 3 तासांत त्याचा उपयोग होतो, बर्फ नको. हळद, टूथपेस्ट काही लावू नका प्लीज, रंग झाकला गेला की खोली कळत नाही आणि ते खरवडून काढताना पेशंटचे जे हाल होतात ते मी बघितलेत.

आणि हातात बांगड्या असतील तर सूज चढायच्या आत काढा, निघत नसतील तर कापा, सोन्याच्या असल्या तरी.