ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचे) आउटपुट संपले? आधी जोड्या लावून बघा

प्रश्न : फक्त ट्रॅकसाठी एस्टीम बनवतोय, १.३ लिटरचं इंजिन. डिस्ट्रिब्युटर काढला, क्रँकवर ३६-१ चं (३६ पैकी एक दात गाळलेलं) ट्रिगर व्हील बसवलं, कॅम सेन्सर नाहीये. स्पीडुइनोवर (आर्डुइनो मेगा बोर्डावर चालणारा ईसीयू) ४ इंजेक्टर आणि ४ स्मार्ट कॉइल (ड्रायव्हर आतच असलेल्या), प्रत्येकाला वेगळा आउटपुट दिलाय. आता रेडिएटर फॅन आणि शिफ्ट लाइटला (गिअर बदलायची खूण देणारा दिवा) आउटपुटच उरला नाही. दुसरा मोठा ईसीयू घ्यावा लागेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अजिबात घेऊ नका, तुमच्याच बोर्डावर चार आउटपुट उगाच अडकून पडलेत.

कसं ते सांगतो. ३६-१ मधला गाळलेला दात एवढंच सांगतो की १ नंबरचा पिस्टन वर आलाय, पण कॉम्प्रेशनला आलाय की एक्झॉस्टला, ते कॅम सेन्सरशिवाय ईसीयूला कळतच नाही, म्हणजे खरं सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला त्याच्या-त्याच्या वेळी) तुमच्या गाडीत होऊच शकत नाही. तुमची गाडी आत्ता सेमी-सिक्वेन्शियल (इंजेक्शन) आणि वेस्टेड सीओपी (इग्निशन, प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल) या मोडवर चालत असणार, आणि या दोन्हींत वायरी चार-चार लागतात पण काम जोडीनंच होतं, १-४ एकत्र आणि २-३ एकत्र. मग ट्यूनरस्टुडिओत (ईसीयूच्या सेटिंगचं सॉफ्टवेअर) इंजेक्शन पेअर्ड करा, इग्निशन वेस्टेड स्पार्क करा, १ आणि ४ च्या वायरी पहिल्या आउटपुटला, २ आणि ३ च्या दुसऱ्याला. इंजिनाला काडीचा फरक पडणार नाही आणि इंजेक्टरचे २, इग्निशनचे २ आउटपुट मोकळे. फक्त इंजेक्टर हाय इम्पीडन्सचे (जास्त रेझिस्टन्सचे) आहेत ना ते मीटर लावून बघा, १२ ते १६ ओहम यायला पाहिजे. २-३ ओहमवाले असतील तर असे थेट जोडू नका, बोर्डावरचा ड्रायव्हर जळून जाईल.

आता कुठला आउटपुट कशाला, इथे बरेच जण बोर्ड जाळतात म्हणून नीट वाचा. इंजेक्टरचा आउटपुट अर्थ (मायनस) देतो, म्हणून फॅनचा रिले त्यावर सरळ चालतो. रिलेच्या ८५ नंबरच्या पिनला ईसीयूची वायर, ८६ ला फ्यूजमधून स्विच्ड १२ व्होल्ट. बॅटरीचा कायमचा प्लस ८६ ला देऊ नका, चावी बंद असताना रिलेमधून करंट उलटा बोर्डात शिरू शकतो. इग्निशनचा आउटपुट मात्र नुसता सिग्नल आहे, त्याला रिले थेट लावायचा नाही म्हणजे नाही! मध्ये यूएलएन२००३ ही ड्रायव्हर चिप टाका, पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतो, एका चॅनेलला ५०० मिलीअँपपर्यंत झेपतं, रिलेला साधारण १५०-२०० लागतात. त्याचा कॉमन पिन १२ व्होल्टला जोडायला विसरू नका, आतले डायोड त्याशिवाय कामाचे नाहीत. शिफ्ट लाइट याच्यावर घ्या.

सॉफ्टवेअरमध्ये पिन निवडताना तिथला नंबर आर्डुइनो मेगाचा असतो, कनेक्टरचा नाही, बोर्डाचा पिनआउट समोर ठेवूनच भरा. आणि फ्युएल पंप आहे तिथेच राहू द्या, इंजिन बंद पडलं की पंप बंद होणं ही सेफ्टी आहे, तिच्याशी खेळ नको.

फॅनला माझा आग्रहाचा सल्ला, रेडिएटरवर एक साधा थर्मो स्विचही (पाणी तापलं की आपोआप चालू होणारा) बसवा आणि तो त्याच ८५ वर पॅरलल जोडा. दोघंही अर्थच देतात त्यामुळे भांडण नाही, आणि ईसीयूचा आउटपुट गेला तरी फॅन फिरेल, हेड वाचेल.

प्रश्न : याच रिलेला पीडब्ल्यूएम (भराभर चालू-बंद होणारा सिग्नल) देऊन फॅन हळू-जोरात करता येईल का?

उत्तर : नाही. साधा रिले तडतडत राहील आणि पॉइंट जळतील. त्यासाठी फॅनच्या करंटला पुरेल असा डीसी सॉलिड स्टेट रिले लागतो. ट्रॅकच्या गाडीला चालू-बंद पुरतं, तेवढे पैसे चांगल्या रेडिएटरमध्ये घाला.