आधी घरी सांग

चि.,

नाव मुद्दाम लिहीत नाही. पत्र कुणाच्या हाती लागलं तर तुझी पंचाईत व्हायची.

परवा ऐरोलीच्या गाडीत भेटलास. गळ्यात कंपनीचा पट्टा, पण त्याला कार्ड नाही. उतरताना म्हणालास, “काका, घरी बोलू नका.” मी नाही बोलणार. तू बोल. आजच.

हप्ता कसा भरू, मिळेल ती नोकरी धरू की कोर्स करू, बरंच विचारलंस. सगळ्याला उत्तरं आहेत रे, पण आधी घरी सांग. बाबांना कंपनीच्या मेडिक्लेममध्ये घातलं होतंस ना? नोकरीबरोबर बहुधा तोही गेला. स्टेंट बसलेल्या माणसाला हे कळायला नको? घरखर्च क्रेडिट कार्डावर ढकलतोयस, मिनिमम भरून. उरलेल्यावर महिन्याला तीन-साडेतीन टक्के चढतात. वर्षाचे किती ते तूच काढ, इंजिनिअर आहेस. पीएफ काढायचा म्हणतोस, तर पाच वर्षं भरली नसतील तर त्यावर कर लागतो. आईला ठाऊक असतं तर तिने पहिल्या आठवड्यातच खर्चाला कात्री लावली असती. झोप येत नाही म्हणे! रोज संध्याकाळी ऑफिसातल्या गमती रचून सांगणाऱ्याला झोप येईल कशी?

१९९८ साली वागळे इस्टेटमधला आमचा कारखाना बंद पडला. मी टर्नर. तीन महिने डबा घेऊन वेळेवर निघायचो. तलावपाळीच्या कट्ट्यावर बसायचो, पोळीभाजी तळ्याकडे तोंड करून खायचो, कुणी ओळखीचं दिसू नये म्हणून. पतपेढीतून कर्ज काढून तेच पगार म्हणून हिच्या हातात ठेवायचो. ते फेडायला चार वर्षं गेली.

तू म्हणशील, तुम्ही तरी कुठे सांगितलंत? अरे, हिला सातवा महिना होता, बीपी वाढलेलं. तेव्हा गप्प बसलो ते अगदीच चुकलं असं मला अजून वाटत नाही. बरं, चुकलं. म्हणून तर कानीकपाळी ओरडतोय, घरी सांग.

शेवटी एकदाचं तोंड उघडलं, तर ही म्हणाली, “ठाऊक आहे. अडीच महिने तुमच्या शर्टाला कूलंटचा वास नाही. कपडे मीच धुते ना?”

त्या दिवसांत डब्यात रोज काहीतरी गोड असायचं. मला वाटायचं, हिचे डोहाळे.

तुझा,
शेजारचा काका