वाचकांचे प्रश्न : कॉर्डलेस फोनमधले नंबर आणि स्पीड डायल

प्रश्न : आमच्या घरी दोन हँडसेटचा कॉर्डलेस फोन आहे. सासूबाईंच्या सोयीसाठी मी बाहेरच्या खोलीतल्या हँडसेटमध्ये सर्वांचे नंबर नावानिशी साठवले, परंतु त्यांच्या खोलीतल्या हँडसेटमध्ये त्यांपैकी एकही दिसत नाही. शिवाय हिरवे बटण दाबून नंतर २ कितीही वेळ दाबून ठेवला, तरी नणंदेला फोन लागत नाही. फोन बिघडला असेल काय?

उत्तर : फोन बिघडलेला नाही. आपण नंबर फोनबुकात घातलेत, पण स्पीड डायलला, म्हणजे एकच बटण दाबून ठरलेला नंबर लावण्याच्या सोयीला, नेमून दिलेले नाहीत; ही दोन कामे वेगवेगळी आहेत.

आधी हँडसेटचे पाहू. टेलिफोनच्या तारेला जोडलेला असतो तो बेस, आणि हँडसेटचा त्याच्याशी संपर्क रेडिओलहरींनी होतो. काही संचांत फोनबुक बेसमध्ये असते व ते सगळ्या हँडसेटवर सारखेच दिसते. काहींत मात्र प्रत्येक हँडसेटची यादी स्वतंत्र असते, आणि आपला संच या दुसऱ्या प्रकारचा दिसतो. अशा बऱ्याच संचांच्या मेनूत फोनबुकाची नक्कल दुसऱ्या हँडसेटवर पाठवण्याची सोय असते, ती शोधून वापरावी. नक्कल होत असताना दोन्ही हँडसेट चालू असावेत आणि कोणत्याही हँडसेटवर बोलणे चालू नसावे. नावे आणि नंबर असे पोहोचतात, परंतु स्पीड डायलच्या नेमणुका बहुधा सोबत जात नाहीत; त्या सासूबाईंच्या हँडसेटवर नव्याने कराव्या लागतील.

नेमणूक करण्यासाठी फोनबुकातले नाव उघडावे, पर्यायांमध्ये स्पीड डायल निवडावे, हवे ते बटण ठरवावे आणि ओके करावे. मेनूतले शब्द कंपनीनुसार थोडे बदलतात. १ हे बटण अनेक संचांत व्हॉइसमेलसाठी राखून ठेवलेले असते, म्हणून सुरुवात २ पासून करणे बरे. त्यानंतर फोन लावताना हिरवे बटण आधी दाबू नये, कारण डायलटोन सुरू झाल्यावर दाबलेला २ हा बहुतेक फोनना लावायच्या नंबरातला पहिला अंक वाटतो आणि ते पुढच्या अंकांची वाट पाहत बसतात. हँडसेट हातात घ्यावा, डायलटोन न घेता २ हे बटण दोन-तीन सेकंद दाबून ठेवावे, पडद्यावर नाव आल्याची खात्री करावी. काही संचांत फोन तेवढ्याने लागतो, काहींत आता हिरवे बटण दाबावे लागते. वयस्कर माणसाला हा क्रम तोंडी सांगून भागत नाही, आपल्यासमोर तो त्यांच्याकडून करवून घ्यावा.

एक खाचखळगा माहितीपुस्तिकेत सहसा ठळकपणे सांगितलेला नसतो. काही फोनमध्ये स्पीड डायलचे बटण फोनबुकातल्या नोंदीशी बांधलेले असते, तर काहींत त्या नंबराची वेगळी प्रत बटणामागे ठेवली जाते. दुसऱ्या प्रकारात नणंदेचा नंबर बदलल्यावर आपण फोनबुकात दुरुस्ती केली, तरी २ दाबल्यावर जुनाच नंबर लागत राहतो. त्यामुळे कोणतीही दुरुस्ती केली की बटण एकदा दाबून फोन कोठे लागतो ते पाहावे.

नाव लिहिण्याचाही थोडा सराव लागतो. रोमन अक्षरांत ‘आई’ लिहायचे तर २ वर ए, बी, सी आणि ४ वर जी, एच, आय असतात. पहिल्या ‘ए’साठी २ एकदा दाबून क्षणभर थांबावे, कर्सर पुढे सरकल्यावर पुन्हा २ दाबावा आणि मग ४ तीनदा. मध्ये न थांबता दोनदा दाबले, तर दोन ‘ए’ऐवजी एकच ‘बी’ उमटतो. यादी वर्णानुक्रमे लागत असल्याने सर्व डॉक्टरांच्या नावापुढे ‘डॉ’ घातले की ते सारे एकाच ठिकाणी गर्दी करतात. आडनाव आधी लिहिले, तर शोधणे सोपे जाते.

माझ्या मते चार-पाचपेक्षा अधिक बटणांना नंबर नेमूच नयेत. ८ वर कोण आहे हे आठवण्यासाठी चिठ्ठी पाहावी लागत असेल, तर त्यापेक्षा फोनबुक उघडणे काय वाईट?

प्रश्न : आलेल्या कॉलच्या यादीतून साठवलेले काही नंबर पुन्हा लागत नाहीत. तसेच आमच्या कार्यालयातल्या कॉर्डलेसवरून बाहेरचा नंबर लावण्यास आधी शून्य दाबावे लागते. स्पीड डायलमध्ये ते घातले, तरी कधी फोन लागतो, कधी लागत नाही.

उत्तर : कॉलर आयडी दाखवतो तो नंबर टेलिफोन यंत्रणेकडून जसा येतो तसाच साठवला जातो. आपल्या लाइनवरून तो लावताना पुढे क्षेत्रसंकेतांक किंवा आणखी एखादा अंक घालावा लागत असेल, तर तो त्यात असेलच असे नाही. साठवलेली नोंद उघडून, आपण हाताने नंबर लावतो तेव्हा जे जे अंक दाबतो ते सर्व त्याच क्रमाने तिच्यात आहेत का, हे ताडून पाहावे.

कार्यालयातल्या अडचणीचे कारण वेगळे आहे. शून्य दाबल्यावर अंतर्गत एक्स्चेंजला बाहेरची लाइन मिळवून देण्यास क्षणभर अवधी लागतो. माणूस तेवढे थांबतो, पण स्पीड डायल सगळे अंक सलग पाठवून मोकळा होतो आणि सुरुवातीचे एक-दोन अंक वाया जातात. यासाठी शून्यानंतर ‘पॉज’, म्हणजे क्षणभराचा थांबा, घालावा. अनेक हँडसेटवर तो रिडायलच्या बटणाने घालता येतो आणि पडद्यावर ‘पी’ हे अक्षर दिसते. एका पॉजने काम झाले नाही, तर दोन घालावेत.

प्रश्न : बँकेच्या फोनसेवेसाठी खातेक्रमांक आणि पिन फोनबुकात साठवावा का? बॅटरी बदलली, तर सारे पुसले जाईल का?

उत्तर : खातेक्रमांक साठवण्यास हरकत नाही, बोलणे चालू असताना फोनबुक उघडून तो पाठवण्याची सोय काही संचांत असते, तीही उपयोगी आहे. पिन मात्र साठवू नये. घरातल्या कॉर्डलेसच्या फोनबुकाला सहसा कुलूप नसते, आणि हँडसेट कोणाच्याही हाती लागतो.

हल्लीच्या बहुतेक संचांत फोनबुक कायमस्वरूपी स्मृतीत असल्याने बॅटरी काढली तरी ते टिकते. फार तर तारीख व वेळ पुन्हा लावावी लागते. काही जुन्या संचांत मात्र ही हमी नसते, म्हणून बॅटरी काढण्यापूर्वी महत्त्वाचे नंबर कागदावर उतरवावेत. नवी बॅटरी पुन्हा चार्ज होणारी, जुनीवर लिहिलेल्याच प्रकारची असावी. साधे सेल घालून हँडसेट चार्जरवर ठेवला, तर ते गळून हँडसेट खराब होऊ शकतो. वीज गेल्यास बेसच बंद पडतो आणि मग हँडसेट पूर्ण चार्ज असूनही स्पीड डायल चालत नाही. बेसला वेगळा वीजपुरवठा नसेल, तर तारेचा एक साधा फोन घरात असू द्यावा आणि उतरवलेला तो कागद त्याच्याशेजारी ठेवावा.