‘दोन्ही बरोबर’ हे उत्तर नव्हे

चि.,
अनेक आशीर्वाद.

“बाई, माणूस गटाची री का ओढतो, याची दोन्ही कारणं पटतात, मग मूल्यमापनात लिहू काय?” तुझा प्रश्न वाचून आधी वैतागले. मग वाटलं, बरं झालं, निदान तुला अडखळायला तरी झालं. बाकीचे पाठ करून मोकळे होतात.

वेगळं पडायची भीती म्हणून माणूस गटाची री ओढतो, किंवा इतरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं असं वाटून. डॉइच आणि जेरार्ड या मानसशास्त्रज्ञांची १९५५ची ही मांडणी तुला तोंडपाठ आहे. आता प्रत्येक स्पष्टीकरणाला एकच प्रश्न विचार: तू खोटं असतंस तर काय वेगळं दिसलं असतं?

अ‍ॅशच्या रेषा घे. या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगात दिलेल्या रेषेएवढीच रेषा ओळखायची होती. एकट्याने पाहताना जवळपास कुणी चुकत नसे. ठरवून चुकीचं बोलणाऱ्यांत बसवल्यावर प्रयुक्तांची (ज्यांच्यावर प्रयोग चालला, त्यांची) सुमारे ३७ टक्के उत्तरं गटासारखी चुकली. त्यांना गटाचंच खरं वाटलं असतं, तर उत्तर गुपचूप कागदावर लिहितानाही ते तेवढेच चुकले असते. पण तिथे चुका बऱ्याच घटल्या. आणखी गंमत बघ. गटातला एकजण फुटून गटाहूनही चुकीचं उत्तर द्यायला लागला, तरी प्रयुक्ताची जीभ मोकळी झाली! त्या फुटलेल्याकडून खरी माहिती थोडीच मिळत होती?

आता शेरीफचा १९३५चा प्रयोग. अंधारात स्थिर ठिपका हलल्यासारखा दिसतो. किती हलला, याचा गटात जमलेला अंदाज माणसं पुढे एकटी बसली तरी धरून राहिली. नुसती भीती असती तर एकांतात ती कशाला धरून राहिली असती? विचार, पुन्हा विचार: खोटं असतं तर काय दिसलं असतं?

आणि तुझ्या उत्तरातलं “भारतीय समूहप्रिय असतात” हे वाक्य आधी खोड. बाँड आणि स्मिथ यांनी १९९६मध्ये १७ देशांतले १३३ अभ्यास एकत्र पाहिले. समूहवादी समाजांत री ओढणं जास्त दिसलं, हे खरं. पण का जास्त? ते वाक्य तिथेच गप्प बसतं.

पेपरतपासणीच्या बैठकीत दरवर्षी ठरायचं, दोन्ही कारणं लिहिली की पूर्ण गुण. सगळे माना डोलवत. मी देत नसे. (हट्टी म्हणायचे मला, विषय काय शिकवतो ते तरी आठवावं माणसानं!) एका मुलीचा प्रथम वर्ग तेवढ्यानं हुकला, त्याची हळहळ अजून जात नाही. तरी तो पेपर उद्या हातात आला तर तेच गुण देईन. तिला विचार करता येत होता, म्हणून तर राग.

असो. पेरिन आणि स्पेन्सर यांनी १९८०मध्ये इंग्लंडमध्ये अ‍ॅशचा प्रयोग पुन्हा केला. ३९६ वेळांपैकी एकदाच कुणी री ओढली. “काळ बदलला” एवढंच लिहून पाठवलंस तर परत करीन. ती मुलं अभियांत्रिकी, गणित, रसायनशास्त्राची होती. मोजमापावर त्यांचा जास्त भरवसा असणार. यातलं खरं कारण कोणतं, ते कसं तपासशील? रविवारपर्यंत कळव, चार ओळी पुरेत.

तुझी,
बाई