'आई, हा काका इतका काळा कसा?'

प्रश्न : ताई, माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. परवा पुण्यात बसने येताना समोर एक आफ्रिकन विद्यार्थी बसला होता. ही खणखणीत आवाजात म्हणाली, "आई, हा काका इतका काळा कसा? आंघोळ नाही करत?" मी तिचं तोंड दाबलं आणि दोन स्टॉप आधीच उतरले. घरी सासूबाई तिला साय-बेसन लावतात, 'गोरी होशील' म्हणत. तिला हे सगळं कसं समजावू?
— एक आई, कोथरूड

उत्तर : प्रश्न विचारला त्यात तिचं काही चुकलं नाही. काळा म्हणजे मळका, हा हिशेब तिने न्हाणीघरातच शिकलाय. पोरांना घासून काढल्यावर 'बघ, कशी गोरी झाली' आपणच म्हणतो ना?

तिथल्या तिथे सांगायचं, "नाही गं, हा मळ नाही. सगळ्यांच्याच अंगात रंग तयार होतो, कुणाच्या जास्त, कुणाच्या कमी." आणि त्या मुलाकडे बघून एक 'सॉरी'. त्याला मराठी कळलं नसेलही, पण दाबलेलं तोंड नक्की दिसलं असणार.

लहान आहे, तिला काय कळतंय, असं समजू नका. अमेरिकेत 1940च्या सुमारास केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ जोडप्याने तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांपुढे गोऱ्या-काळ्या बाहुल्या ठेवल्या. 'छान कुठली?' म्हटल्यावर बहुतेकांनी गोरी दाखवली.

मी तरी कुठली शहाणी! बत्तीस वर्षं बालवाडी घेतली. स्नेहसंमेलनात परी गोरी आणि राक्षस काळासावळा, हे माझं ठरलेलंच. एका वर्षी रंगीत तालमीला आमचा राक्षस तोंडाला पावडर थापून आला. डोळ्यांत गेली होती, पाणी वाहत होतं. म्हणाला, "बाई, आता मी राजा होऊ?" पुढल्या वर्षीपासून मी कामं चिठ्ठ्या टाकून वाटली.

'स्किन कलर' म्हणून मुलं जो फिकट गुलाबी खडू मागतात, तो एकदा लेकीच्या मनगटावर टेकवून बघा. माझ्या वर्गात एकाचाही जुळला नव्हता. मग तपकिरी, पिवळा, लाल, पांढरा असे पोस्टर कलर वाटीत कालवून जो तो आपापल्या हाताचा रंग शोधायला बसला. तासभर चाललं, कारण तळवा वेगळा आणि वरची बाजू वेगळी, म्हणजे वाट्या दोन लागतात.

सासूबाईंचं साय-बेसन बंद करायला जाऊ नका, उगाच भांडण होईल. 'गोरी होशील'च्या जागी 'मऊ होशील' म्हणा, एवढंच सांगा. आणि वाट्या घेऊन नातीला आधी त्यांच्याकडेच बसवा. आजीच्या हाताला दोन वाट्या पुरायच्या नाहीत. बांगड्यांखाली तिसराच रंग निघतो.